अडत्या कोणाचा?

यंदाच्या श्रावणातली गोष्ट. शाळा सुटली होती. फळ्यावर दुसऱ्या दिवसाची तारीख घालून मी हात झाडत होतो, तोच दारात कोणी उभे असल्याचे जाणवले. पाहतो तो आमची एक जुनी विद्यार्थिनी, आणि तिच्या पाठीमागे, चपला पायरीवर काढून, तिचे वडील.

या मुलीला विसरणे मला शक्य नव्हते. चौथीत असताना तिने स्नेहसंमेलनात एक गवळण म्हटली होती. मध्येच वीज गेली, कर्णा मुका झाला. पण पोर थांबली नाही. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनीदेखील शब्दन् शब्द ऐकला. पुढे ती पुण्यास कॉलेजात गेली, एकांकिकांत कामे करू लागली. एका स्पर्धेत अभिनयाचे बक्षीस मिळाले, त्या दिवशी प्रेक्षकांत बसलेल्या मुंबईच्या एका गृहस्थांनी तिला गाठले. 'आम्ही नटनट्यांचे व्यवहार पाहतो. तुला मालिकांत, चित्रपटांत कामे मिळवून देऊ. मात्र आमच्याशी करार करावा लागेल.' एवढे बोलून त्यांनी चौदा पानांचा इंग्रजी करारनामा तिच्या हाती ठेवला होता. तो घेऊन ती माझ्याकडे आली होती.

"सर, एवढा वाचून सांगा. सही करू का नको?"

आता माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कादंबऱ्या लिहितो म्हणून गावात चार लोक मला विद्वान समजतात, पण इंग्रजीशी माझे नाते लांबच्या पाहुण्यासारखे आहे. ओळख आहे, घरोबा नाही. तरीही 'सर' म्हणून कोणी समोर उभे राहिले, की मास्तराला 'येत नाही' म्हणता येत नाही. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "आठ दिवस दे."

वडील इतका वेळ गप्प होते. टोमॅटोची शेती करणारा माणूस. जाता जाता त्यांनी विचारले, "गुरुजी, ह्यो येजंट म्हंजी आपला अडत्याच का वो?"

मला हसू आले. ते हसू पुढच्या आठ दिवसांत पार जिरले. कारण करारनाम्याबरोबर मी या एजंट नावाच्या माणसाचा इतिहासही वाचत गेलो, आणि त्या सगळ्या इतिहासात मला यापेक्षा नेमका प्रश्न सापडला नाही. मी एवढा खोलात का शिरलो, त्याला माझे एक जुने दुखणे कारण आहे. ते पुढे येईलच.

वास्तविक आमच्या भागाला करमणुकीचा बाजार नवा नाही. नारायणगाव ही तमाशाची पंढरी, विठाबाईंचे गाव. फाल्गुन सरत आला, की तेथे फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. बाहेर फडाची पाटी, आत टेबल, टेबलावर वही. गावोगावची पुढारी मंडळी आपल्या जत्रेची तारीख घेऊन येतात. गुढीपाडव्याच्या सुमारास तर पाय ठेवायला जागा नसते. वग कोणता, बाया किती, तंबू आणणार का, अशी घासाघीस होते आणि सुपारी ठरते. लहानपणी मी हा सोहळा वडिलांचे बोट धरून पाहिला आहे. खेळापेक्षा मला ती वहीच अधिक गूढ वाटे.

पण ही सुपारी फडाची. त्या फडात नाचणारीने, ढोलकीवाल्याने, सोंगाड्याने काय करायचे? त्याने हंगामाच्या आधीच मालकाकडून 'उचल' घेतलेली असते. पावसाळ्यात खेळ नसतात; घराचे पत्रे, पोरीचे लग्न, म्हातारीचे दुखणे मात्र पावसाळ्याची वाट पाहत नाही. तेव्हा हाती आलेली आगाऊ रक्कम म्हणजे उचल. दसऱ्याला पायांत चाळ बांधले, की ती अंगाने फेडायची. फिटली तर ठीक, नाही तर पुढच्या सालाला जोडून. मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. तोही व्याजाने पैसा काढून उचल वाटतो, आणि चांगला कलावंत मध्येच दुसऱ्या फडात गेला तर बुडतो. तरी एक गोष्ट उरतेच. राहुटीत भाव ठरत असतो तेव्हा नाचणारीच्या वतीने बोलणारे तेथे कोणीच नसते.

संगीत नाटकांच्या वैभवाच्या काळीही याहून निराळे नव्हते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी बडोद्याच्या भाऊराव कोल्हटकरांचा गळा हेरला आणि १८८२ साली त्यांना मंडळीत आणले. १९०५ साली त्याच मंडळीत बालगंधर्व आले. हेरणारा, शिकवणारा, जेवू घालणारा आणि पगार देणारा असा सगळा मालक एकच. घरच्यासारखे वागवीत, यात शंका नाही. पण घरच्यासारखे म्हटले की हिशेब विचारण्याची सोय राहत नाही. १९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. नट स्वतःच मालक झाला. मग मालकीबरोबर येणारे कर्जही त्याच्या डोक्यावर कसे बसले, ही कथा मोठी आहे आणि ती दुसऱ्या दिवाळी अंकाची आहे.

बोलपट आले आणि मंडळीची जागा कंपनीने घेतली. 'कुंकू'मधली नीरा १९३७ साली ज्यांनी पाहिली, त्यांनी ती जन्मभर सांगितली. म्हाताऱ्याशी लावलेले लग्न न मानणारी ती मुलगी रंगविणाऱ्या शांता आपटे प्रत्यक्षातही तशाच होत्या. १९३९ साली करारावरून कंपनीशी त्यांचे बिनसले, तेव्हा त्या पुण्यात प्रभातच्या फाटकापाशी उपोषणाला बसल्या. गावभर चर्चा झाली. त्या काळात बड्या कंपनीच्या दारात एका नटीने असे बसणे म्हणजे लहान गोष्ट नव्हती. त्यांचे व्यवहार थोरले बंधू पाहत. भाऊ झाला तरी तो भाऊ. कंपनीच्या माणसांसमोर बसून बाजारभावाने बोलणारा, दहा कंपन्यांचे दर ठाऊक असलेला, असा कोणी त्यांच्या हाताशी नव्हता. म्हणून स्वतःचे शरीरच पणाला लावावे लागले. पुढच्याच वर्षी त्यांनी एक पुस्तक लिहिले, 'जाऊ मी सिनेमात?' या नावाचे. नावातले प्रश्नचिन्ह मी माझ्या विद्यार्थिनीला मुद्दाम बोट ठेवून दाखविले.

नटाच्या बाजूने बोलण्यासाठी दलाली घेणारा माणूस पेशा म्हणून कोठे मोठा झाला, हे पाहावयाचे तर मात्र सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेत जावे लागते. तेथे गेल्या शतकाच्या आरंभी व्हॉडव्हिल नावाचा खेळ जोरात होता. एका तिकिटात गाणे, नाच, जादू, विदूषकी, कसरत, शिकविलेली कुत्री. आपल्याकडच्या जत्रेतले सगळे तंबू एकाच छपराखाली आणावेत तसे. शहरोशहरी थिएटरे, आणि कलावंत आगगाडीने या गावाहून त्या गावाला. या धंद्यातले सर्वांत बलाढ्य धनी म्हणजे बी. एफ. कीथ आणि त्यांचे भागीदार एडवर्ड ऑल्बी.

१९०० साली मोठमोठ्या थिएटरमालकांनी एकी केली. कलावंतांची नेमणूक एका कचेरीतून व्हावी आणि त्याबद्दल कलावंताच्या पगारातून शेकडा पाच कापावेत, असे ठरले. कशाबद्दल? काम दिल्याबद्दल! म्हणजे ज्याने आपल्या थिएटरासाठी माणूस घ्यायचा, त्यानेच 'तुला काम मिळवून दिले' म्हणून त्या माणसाकडून दलाली घ्यायची. कलावंत चिडले. त्यांनी त्याच साली जॉर्ज फुलर गोल्डन या नटाच्या पुढाकाराने संघ काढला. नाव ठेवले 'व्हाइट रॅट्स', पांढरे उंदीर. आपल्याला हसू येईल, पण इंग्रजीत 'स्टार' हा शब्द उलटा वाचला की 'रॅट्स' होतो, अशी त्यात गंमत होती. १९०१ च्या फेब्रुवारीत हे उंदीर एकाएकी आजारी पडले. कोणाचा घसा बसला, कोणाला ताप आला, थिएटरांचे खेळ अडले. मालकांनी दलाली बंद करण्याचे कबूल केले. संपकऱ्यांनी जल्लोष केला, घरी गेले, आणि कबुली हवेत विरली. पोट हातावर असलेल्या माणसांची एकी किती दिवस टिकते, हे काय आपल्याला ठाऊक नाही?

१९०६ साली त्या कचेरीचे नवे रूप उभे राहिले, युनायटेड बुकिंग ऑफिस. तिचा हिशेब वाचताना मी पेन्सिल खाली ठेवली. कलावंताने शेकडा पाच या कचेरीला द्यायचे. शिवाय स्वतःचा एजंट असेल तर त्याला शेकडा पाच. आणि त्या एजंटाला कचेरीत पाऊल टाकायचे असेल, तर त्याने आपल्या पाचातले अर्धे कचेरीच्याच दुसऱ्या खिशात घालायचे! नटाला वाटे, हा माझा माणूस माझ्यासाठी भांडायला आत गेला आहे. आत तो भांडणार कसा? ज्याच्याशी भांडायचे त्याच्याच पंगतीला त्याचे पान मांडलेले.

या कचेरीला ज्यांनी टक्कर दिली, त्यांत विल्यम मॉरिस हे नाव ठळक आहे. जर्मन मुलखातून लहानपणी आलेला हा माणूस. १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये त्याने स्वतःची पाटी लावली. कचेरीबाहेरची थिएटरे जमवायची आणि आपले कलावंत तेथे लावायचे, हा त्याचा खटाटोप. हॅरी लॉडर या स्कॉच गायक-विदूषकाचे अमेरिकेतले दौरे त्यानेच गाजविले. मॉरिसकडे गेलेल्या कलावंतांची नावे कीथच्या माणसांनी काळ्या यादीत टाकली. तरी तो टिकला. हे नाव वाचकांनी जरा लक्षात ठेवावे, शेवटी पुन्हा गाठ पडणार आहे.

पुढे सिनेमा आला, आणि हॉलिवुडच्या कंपन्यांनी नटांशी सात-सात वर्षांचे करार सुरू केले. त्यात मौज अशी, की ठरावीक मुदतीनंतर 'तू नको' म्हणण्याचा हक्क कंपनीला असे. 'मी जातो' म्हणण्याचा हक्क नटाला नसे. दिलेली भूमिका नाकारली, तर बिनपगारी घरी बसवायचे, आणि घरी बसविलेले दिवस कराराच्या शेवटी पुन्हा जोडायचे. हे वाचले आणि मला आमच्याकडची न फिटलेली उचल आठवली. बेटी डेव्हिस या मातबर नटीने १९३६ साली वॉर्नर कंपनीला टाळून इंग्लंडात काम करण्याचा प्रयत्न केला. कंपनी लंडनच्या कोर्टात गेली आणि बेटीबाई हरल्या.

जिंकली ती दुसरीच, तुलनेने सौम्य समजली जाणारी ऑलिव्हिया डी हॅविलंड. 'गॉन विथ द विंड'मधली ती मेलनी. अगदी कोवळ्या वयात तिने वॉर्नरच्या करारावर सही केली होती. सात वर्षे संपली, तेव्हा कंपनी म्हणाली, तू घरी बसलीस ते महिने अजून शिल्लक आहेत. तिच्या वकिलाने कॅलिफोर्नियातला एक जुना कायदा काढला. कोणाही माणसाला त्याच्या चाकरीच्या करारावर सात वर्षांहून अधिक काळ बांधून ठेवता येणार नाही, असा तो कायदा. प्रश्न एवढाच, की सात वर्षे म्हणजे कामाची सात वर्षे की पंचांगातली? १९४३ मध्ये ती कोर्टात गेली. कंपनीने इतर कंपन्यांना पत्रे धाडली, की हिला काम देऊ नका. सुमारे दोन वर्षे ती पडद्याबाहेर राहिली. नटीच्या आयुष्यातली दोन वर्षे म्हणजे काय, हे सांगायला नको. १९४४ च्या डिसेंबरात वरच्या कोर्टाने निकाल दिला: पंचांगातली सात वर्षे. त्यानंतर बाईंनी दोनदा ऑस्कर मिळविले. त्या पॅरिसमध्ये २०२० साली वारल्या, एकशे चार वर्षांच्या होऊन. त्यांना सोडायला तयार नसलेल्या मालकांतले तोवर कोणी उरले नव्हते.

या काळात नटांच्या बाजूने खरोखर भांडणारा एजंटही उदयाला आला. मायरन सेल्झनिक हे त्याचे नाव. बाप लुईस सेल्झनिक सिनेमाच्या धंद्यात १९२३ साली बुडाला होता. बापाला बुडविणाऱ्या कंपन्यांकडून सूड उगवायचा तो नटांचे पगार वाढवूनच, अशी त्याची ईर्षा असल्याचे सांगतात. १९३१ साली त्याने पॅरामाउंटचे विल्यम पॉवेल, के फ्रान्सिस आणि रूथ चॅटर्टन हे तीन मोहरे वॉर्नरकडे नेऊन अशी किंमत वसूल केली, की सारे हॉलिवुड हादरले. पण त्याच्याही घरी पाहा! सख्खा भाऊ डेव्हिड हा चित्रपटनिर्माता. 'गॉन विथ द विंड' काढला तो त्यानेच. आणि त्यातल्या नायिकेसाठी विव्हियन लीला डेव्हिडपुढे नेऊन उभी केली ती मायरनने. एक भाऊ विकणारा, दुसरा घेणारा. भले झाले त्यात सगळ्यांचेच. पण प्रत्येक घरी असे होईलच असे नाही.

खरा घोळ झाला तो पुढे. ज्यूल्स स्टाइन नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टराने १९२४ साली शिकागोत वाद्यवृंदांना कामे मिळवून देण्याची एक कचेरी काढली होती. एम. सी. ए. हे तिचे नाव. तिचा कारभारी लू वॉसरमन हा मोठा चतुर माणूस. जेम्स स्टुअर्ट या नटासाठी त्याने १९५० च्या 'विंचेस्टर ७३' या चित्रपटात पगाराऐवजी नफ्यातला वाटा मिळवून दिला, आणि नटाचे कल्याण झाले. येथवर एजंट कलावंताचा. मग टेलिव्हिजन आला, आणि एम. सी. ए.ला स्वतःच कार्यक्रम काढण्याची बुद्धी झाली. नटांच्या संघाचा नियम होता, की एजंटाने निर्माता होऊ नये. १९५२ साली संघाने एकट्या एम. सी. ए.ला त्यातून भरघोस सूट दिली. तेव्हा संघाचे अध्यक्ष होते रोनाल्ड रेगन, जे स्वतः एम. सी. ए.चेच अशील, आणि पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. दहा वर्षे हा कारभार चालला. नटाचा पगार वाढवून मागायचा तो एम. सी. ए.ने, आणि द्यायचा तोही एम. सी. ए.नेच! १९६२ साली सरकारने कोर्टात खेचले, तेव्हा कंपनीने दोहोंपैकी एक सोडले. सोडले ते एजंटपण. निर्मितीत पैसा अधिक होता.

एवढे होऊन धडा घेतला म्हणाल, तर तसेही नाही. २०१९ च्या एप्रिलात अमेरिकेतल्या सात हजारांहून अधिक पटकथालेखकांनी एका झटक्यात आपल्या एजंटांना रजा दिली. तक्रार तीच. एजंट लेखकाकडून दलाली घेण्याऐवजी निर्मात्याकडून परस्पर मोबदला घेत होते आणि निर्मितीतही उतरले होते. एकेक कचेरी नमत गेली. सर्वांत शेवटी, २०२१ च्या फेब्रुवारीत, सही केली ती ज्या कचेरीने, तिच्या नावात अजून विल्यम मॉरिसचे नाव आहे.

हे सगळे वाचून मी पुन्हा चौदा पानांकडे वळलो. शब्दकोश उजव्या हाताला, पेन्सिल डाव्या कानावर. तिसऱ्या पानावर होते, की छायाचित्रांचा संच कचेरीच्याच छायाचित्रकाराकडून, कचेरी सांगेल त्या दराने काढावा. कॅलिफोर्नियात एजंटाला परवाना लागतो, नावनोंदणीचे पैसे घेण्यास मनाई आहे, आणि ज्या छायाचित्रकाराच्या धंद्यात एजंटाचा वाटा आहे त्याच्याकडे नटाला धाडण्यासही मनाई आहे. इतके बारीक कायदे उगीच होत नाहीत. कोणीतरी आधी पुष्कळ फोटो काढून बसलेले असते. सातव्या पानावर मुदत होती, पाच वर्षे, आणि पुढे वाढविण्याचा हक्क फक्त कचेरीला. दलाली शेकडा वीस. अकराव्या पानावर एक लांबलचक वाक्य होते. ते मी तीनदा वाचले, आणि तिसऱ्यांदा अर्थ लागला तेव्हा माझेच जुने दुखणे ठणकले.

बारा वर्षांपूर्वी माझ्या एका कादंबरीवर चित्रपट काढण्याची गोष्ट निघाली. एका मध्यस्थाने निर्माता गाठून दिला. मी सही केली, अकरा हजार घेतले आणि त्यातले दोन हजार मध्यस्थाला दिले, वर घरी जेवायला बोलाविले. हक्क दहा वर्षांसाठी गेले. चित्रपट निघाला नाही. दुसऱ्या कोणी विचारले तर मला होय म्हणता येईना. चौथ्या वर्षी कळले, की तो मध्यस्थ त्या निर्मात्याचाच भागीदार होता. माझी किंमत माझ्या वतीने ठरविली, ती घेणाऱ्यानेच. मी ही गोष्ट बायकोलाही पुष्कळ दिवस सांगितली नव्हती.

आठव्या दिवशी बापलेक आली. मी अकराव्या पानाचा अर्थ मराठीत सांगितला: ही कचेरी, किंवा तिच्या भागीदारीतल्या कंपन्या, मालिका आणि कार्यक्रम काढतील; त्यांत मुलीला काम देतील; पगार त्याच ठरवतील; त्यावरही दलाली घेतील; आणि या सगळ्याला मुलीची संमती आजच, आगाऊ घेतलेली आहे.

वडील क्षणभर थांबले. "म्हंजी माल घेनारा बी त्योच, आन् अडत्या बी त्योच?"

"हो."

"मंग त्यो भाव वाढवंल कशापायी?"

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या पाट्या उतरविण्यात ज्याची उमर गेली, त्याला याहून अधिक समजावून काय सांगायचे? पिढ्यान् पिढ्या अडत शेतकऱ्याच्याच पट्टीतून कापली गेली. २०१६ साली सरकारने ती भाजीपाल्यापुरती खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरविले, तेव्हा केवढी खळबळ उडाली होती, हे त्यांनी मला सांगितले, मी त्यांना नव्हे.

मुलगी मात्र गप्प होती. मग म्हणाली, "पण सर, अडत्याशिवाय बाजारात पाट्या उतरवूनच घेत नाहीत. मी एकटी गेले तर मला दारात कोण उभे करील?"

हा प्रश्नही खोटा नव्हता. मॉरिसशिवाय लॉडर अमेरिकेत एवढा गाजता ना. मायरन नसता तर विव्हियन लीचे काय झाले असते, कोण सांगणार? मी 'सही करू नकोस' म्हणालो नाही. मास्तराने तसे म्हणणे सोपे असते. त्याला मुंबईला जायचे नसते.

आम्ही जुन्नरला एका ओळखीच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी चौदा पाने दहा मिनिटांत चाळली आणि अकराव्यावर बोट ठेवले. आपला कराराचा कायदा १८७२ सालचा. त्यात एजंटाबद्दल स्पष्ट आहे, की धन्याच्या कामात एजंटाने धन्याला न विचारता स्वतःचा व्यवहार घुसडला, तर त्यातला फायदा धनी मागू शकतो. आणि महत्त्वाची गोष्ट लपविली असेल किंवा धन्याचे नुकसान होत असेल, तर तो व्यवहारच नाकारू शकतो. "आणि बरं का गुरुजी," वकीलसाहेब म्हणाले, "या कायद्यात धनी म्हणजे ही पोरगी. म्हणून तर तिची संमती आधीच लिहून घेतली आहे."

'धनी म्हणजे मी?' असा भाव मुलीच्या चेहऱ्यावर आला. पुढे रस्ताभर ती काही बोलली नाही.

पत्र तिने स्वतः लिहिले, मराठीत. मी फक्त दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले. मुदत दोन वर्षांची करावी. छायाचित्रे मी माझ्या पसंतीने काढीन. अकरावे पान काढावे, किंवा कचेरीच्या स्वतःच्या निर्मितीत काम केल्यास त्यावर दलाली घेऊ नये आणि प्रत्येक वेळी माझी लेखी परवानगी घ्यावी. बारा दिवसांनी उत्तर आले. मुदत तीन वर्षांची करू. छायाचित्रांचे तुम्ही म्हणता तसे. अकराव्या पानाबद्दल एक अक्षर नाही.

तिने दुसरे पत्र धाडले आहे. हा लेख छापायला जाईपर्यंत त्याचे उत्तर आले नव्हते. दरम्यान अंधेरीला एका मालिकेसाठी नवे चेहरे पाहणार असल्याचे तिला मैत्रिणीकडून समजले. परवा रात्री अकरा वाजता वडिलांच्या टोमॅटोच्या टेंपोत, चालकाशेजारी बसून ती निघाली. पहाटे वाशीच्या बाजारात टेंपो रिकामा होणार, तेथून तिने लोकल धरायची. वडील बरोबर होतेच. निघताना त्यांनी मला हाक मारली.

"गुरुजी, तिथं बसाय लागलं तर आतमंदी मी यिऊ का भाईर थांबू?"

"तिलाच विचारा," मी म्हणालो.

ती टेंपोतून वाकून म्हणाली, "बाहेर थांबा आप्पा. पण लांब जाऊ नका."